वाळूमाशीची ओळख आणि गणना

(ग्रामपंचायत सदस्य, ग्रामसेवक व प्राथमिक शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



डासांविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. आज ज्या कीटकाविषयी मी बोलणार आहे, तो डासाच्या सुमारे एकतृतीयांश आकाराचा आहे. आरोग्य खात्याच्या कागदपत्रांत त्यास सँडफ्लाय म्हणतात. आपण त्यास वाळूमाशी म्हणू. नावात वाळू असली तरी तिचे वास्तव्य वाळूत नसते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्यातील अंधारे कोपरे, शेणकचऱ्याने ओलसर राहिलेली जमीन ही तिची ठिकाणे होत. तिचे अंग केसाळ असते, बसताना ती पंख उभे धरते आणि उडण्यापेक्षा टुणटुण उड्या मारीत पुढे सरकते. चावते ती केवळ मादी, आणि तीही बहुधा रात्री.

या क्षुद्र जीवाची दखल का घ्यावी, याचे उत्तर आपल्याच राज्यात आहे. १९६५ साली नागपूरजवळील चांदीपुरा येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रास एक नवा विषाणू आढळला व गावाचेच नाव त्यास मिळाले. पुढे काही वर्षांतच औरंगाबाद येथे पकडलेल्या वाळूमाश्यांतही तो सापडला. २००३ साली आंध्र प्रदेशात या रोगाने ३२९ मुले आजारी पडली व त्यांपैकी १८३ दगावली. त्याच वर्षी महाराष्ट्रातही त्याचा उपद्रव झाला. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत तो पुन्हा उद्भवला. एकाएकी तीव्र ताप, झटके, बेशुद्धी आणि अनेकदा एकदोन दिवसांत मृत्यू, असा त्याचा क्रम असतो. त्यावर खास औषध नाही, लसही नाही. म्हणून रोगवाहक कीटकास ओळखणे व आवरणे हाच मुख्य उपाय उरतो.

ओळखण्याचे काम वाटते तितके सोपे नाही. जगात वाळूमाश्यांच्या नऊशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या असून रोग पसरविणाऱ्या त्यांपैकी थोड्याच आहेत. नुसत्या डोळ्यांना सर्व सारख्याच दिसतात. यासाठी कीटक समाहारक पहाटे ठराविक घरांत व गोठ्यांत जातो आणि विजेरीच्या उजेडात, तोंडाने हवा ओढण्याच्या काचनळीने माश्या पकडतो. काही ठिकाणी एरंडेल लावलेले कागद किंवा प्रकाशसापळे रात्रभर ठेवतात. एका माणसाने एका तासात किती माश्या पकडल्या, हे घनतेचे माप होय. घरे व वेळ त्याच राहिल्या तरच या महिन्याच्या आकड्याची मागील महिन्याशी तुलना करता येते. एकही माशी न मिळाल्यास तेही लिहून ठेवावेच लागते.

पुढील काम प्रयोगशाळेतील. माशी कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवून पारदर्शक करतात व काचपट्टीवर बसवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. पोटावरील केस उभे असल्यास ती फ्लेबोटोमस गटातील व आडवे असल्यास बहुधा सर्जेंटोमिया गटातील समजतात. मुखाच्या आतील दंतरचना, मादीची वीर्यकोशिका व नराची जननेंद्रिये यांवरून जात निश्चित होते. भारतातील वाळूमाश्यांच्या वर्गीकरणाचा भक्कम पाया विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉन सिंटन या सैनिकी डॉक्टराने घातला.

या खटाटोपाचा उपयोग काय, हे बिहारमधील काळा आजाराच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. तो रोग फ्लेबोटोमस अर्जेंटिपिस या जातीच्या चाव्याने होतो, हे १९४२ साली प्रयोगाने सिद्ध झाले. ही जात गुराढोरांचे व माणसांचे रक्त शोषते आणि भिंतीच्या खालच्या भागात विसावते, हे पाहणीतून कळले. म्हणून तेथे घराच्या व गोठ्याच्या भिंतींवर सहा फूट उंचीपर्यंत फवारणी करतात. पुढे ही माशी डीडीटीला दाद देईनाशी झाल्याचे पाहणीतच उघड झाले व औषध बदलावे लागले.

चांदीपुराच्या बाबतीत वर्गीकरणाने वेगळाच धडा दिला. सर्जेंटोमिया गटातील माश्या मुख्यत्वे पाली-सरड्यांचे रक्त पितात, म्हणून त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले जात नसे. परंतु २००३ च्या साथीनंतर करीमनगर जिल्ह्यात याच गटातील माश्यांत चांदीपुरा विषाणू आढळला. तेवढ्यावरून त्याच रोग पसरवितात असे सिद्ध होत नाही. तथापि ज्यांना निरुपद्रवी मानले, त्यांचीही गणना झाली पाहिजे, हे त्यातून निश्चित झाले. कोणता कीटक महत्त्वाचा, हे आधी ठरवून केलेली पाहणी अपुरीच राहते.

आता आपल्या कर्तव्याकडे वळू. पहाटे दारात आलेल्या समाहारकास लोक घरात घेत नाहीत, अशी अडचण अनेकदा येते. आदल्या दिवशी दवंडी पिटवून किंवा सभेत सांगून पंचायतीने ती दूर करावी. भिंतींच्या भेगा फवारणीपूर्वीच लिंपून घ्याव्यात. फवारणीनंतर दोन-अडीच महिने भिंती सारवू वा रंगवू नयेत, अन्यथा औषध सारवणाखाली जाते. उकिरडा घरापासून दूर असावा. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून वाळूमाशी आत शिरते; म्हणून बारीक विणीची किंवा औषधभारित मच्छरदाणी वापरावी.

शिक्षकांना एक विनंती. जून ते ऑगस्ट या काळात एखाद्या मुलास ताप येऊन झटके आल्यास पालकांना घरगुती उपायांत वेळ दवडू देऊ नका. त्यास तात्काळ रुग्णालयात न्यावयास सांगा व प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवा. त्या एका वर्दीवरून कीटकशास्त्रज्ञांचे पथक त्या घरी पोचते आणि शेजारच्या घरांतील मुले वाचविण्याची संधी मिळते.

पाहणीचा तक्ता जिल्ह्याच्या कचेरीत पोहोचत असला तरी त्यातील प्रत्येक आकडा आपल्या गावातील गोठ्यातून आलेला असतो. तो खरा व नियमित मिळावा, यासाठी आपले सहकार्य लाभेल, असा विश्वास व्यक्त करून मी आपली रजा घेतो.