दुसऱ्याच्या क्रांतीत राबायला गेलेली पोरे
(जिल्हा मेळाव्याच्या युवक सत्रातील भाषणाचा मजकूर)



युवकांच्या बैठकीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. दूर देशी जुलमी राजवट उलथली, गरिबाचे राज्य आले असे कानावर पडले की पोरांना वाटते, उठावे आणि तिकडे जावे. दोन हातांची मदत करावी. असे वाटणे चांगलेच आहे. पण मदत नेमकी कुणाला करायची, हे निघण्याआधी विचारावे लागते. त्यासाठी आज आपण निकाराग्वा या लहानशा देशाची हकीकत पाहू.

मध्य अमेरिकेतला हा शेतीवर जगणारा देश. कॉफी, कापूस, ऊस, मका, घेवडा ही त्याची पिके. चाळीसहून जास्त वर्षे सोमोसा घराण्याने तो खासगी जहागिरीसारखा वापरला. १९ जुलै १९७९ रोजी सॅन्डिनिस्टा क्रांतिकारकांनी राजधानी मानाग्वा घेतली. पुढच्याच वर्षी शाळा-कॉलेजची पन्नास हजारांहून अधिक पोरे पाच महिने खेड्यापाड्यांत जाऊन राहिली आणि कुणब्यांना लिहावाचायला शिकवले. अमेरिकेच्या रेगन सरकारला हे राज्य खुपले. त्यांनी 'कॉन्ट्रा' बंडखोरांना पैसा आणि शस्त्रे पुरवली, १९८५ साली व्यापारबंदी घातली. १९८६ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अमेरिकेविरुद्ध निकाल दिला. अमेरिकेने तो मानला नाही.

गावोगावचे तरुण लढाईवर गेले. कॉफीची फळे झाडावर लाल झाली आणि तोडायला हात उरले नाहीत. देशाला परकी चलन मिळायचे ते याच कॉफीवर. तेव्हा १९८३ च्या अखेरीपासून अमेरिकेतून आणि युरोपातून तरुणांची पथके येऊ लागली. मातागाल्पा आणि हिनोतेगाच्या डोंगरांत ही पोरे कमरेला टोपली बांधून कॉफी तोडायला उभी राहिली. ज्या देशाच्या पैशाने गोळ्या येत होत्या, त्याच देशाची ही पोरे होती. सराईत तोडणाऱ्याची बरोबरी त्यांच्याकडून होणार नव्हती. त्यांचा मोठा उपयोग झाला तो परत गेल्यावर. डोळ्यांनी पाहिलेले त्यांनी आपल्या देशात सांगितले आणि आपल्याच सरकारला जाब विचारला.

काहींनी मुक्काम केला. बेन लिंडर हा अमेरिकन इंजिनियर १९८३ साली आला. विदूषकाचे सोंग घेऊन, एकचाकी सायकल चालवून तो लसटोचणीसाठी मुले गोळा करायचा. एल कुआ गावात ओढ्याच्या पाण्यावर वीज करण्याच्या कामात त्याने हात घातला आणि गावात दिवे लागले. मग सान होसे दे बोकाय गावासाठी ओढ्याचे पाणी मोजण्याचे काम चालू असताना, २८ एप्रिल १९८७ रोजी, कॉन्ट्रांनी त्याला आणि त्याच्या दोन निकाराग्वी सोबत्यांना ठार केले. तो सत्तावीस वर्षांचा होता. बोकायची वीज पुढे त्याच्या सहकाऱ्यांनी पुरी केली.

इथवरची गोष्ट तिकडच्या पुस्तकांत सापडते. आता शेतकऱ्याच्या बाजूने पाहू.

नव्या सरकारने शहराला स्वस्त धान्य द्यायचे ठरवले. मका आणि घेवडा खरेदी करायला सरकारी महामंडळ नेमले. भाव सरकारने ठरवायचा, तोही कमी. धान्य परस्पर विकायला नेऊ नये म्हणून रस्त्यांवर नाके बसले. लेव्ही आणि जिल्हाबंदी सोसलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. जमीनदारांच्या जमिनी घेतल्या खऱ्या, पण सुरुवातीला त्या बहुतांशी सरकारी शेतांना आणि सहकारी संस्थांना दिल्या. कुळाला स्वतःच्या नावाचा कागद हवा होता. तो उशिरा, १९८६ च्या सुमारास, मोठ्या प्रमाणावर मिळू लागला. तोवर डोंगरातले कितीतरी साधे शेतकरी कॉन्ट्रांना जाऊन मिळाले होते. अमेरिकेचा पैसा होता हे खरेच, पण निव्वळ पैशाने हजारो कुणब्यांची पोरे रानात जात नाहीत. १९९० च्या निवडणुकीत सॅन्डिनिस्टा हरले.

पुढचे ऐका. त्यांचे नेते दानिएल ओर्तेगा २००७ साली पुन्हा अध्यक्ष झाले. २०१३ साली त्यांनी देश आडवा कापणाऱ्या कालव्याचा कायदा केला. कालवा एका चिनी उद्योगपतीच्या कंपनीचा, जमिनी शेतकऱ्यांच्या. शेतकऱ्यांनी मोर्चांमागून मोर्चे काढले. २०१८ च्या देशव्यापी आंदोलनात तीनशेहून अधिक माणसे मेली. शेतकरी नेते मेदार्दो मायरेना यांना दोनदा तुरुंगात टाकले आणि २०२३ साली आणखी दोनशेएकवीस कैद्यांसह देशाबाहेर काढून नागरिकत्वही हिरावले. कालव्याचा परवाना २०२४ साली रद्द झाला. कालवा झालाच नव्हता. शेतकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले, पण ते मांडणारा परदेशात होता.

मग कॉफी तोडायला गेलेली पोरे फसली का? आम्हाला तसे वाटत नाही. लिंडरने लावलेला दिवा कुठल्या पक्षाचा नव्हता, तो त्या गावाचा होता. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. तिथली भाषा शिकले, जखमींवर शस्त्रक्रिया करीत राहिले आणि १९४२ साली, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. वाचलेल्या जखमीचा जीव हीच त्यांची कमाई. राज्यकर्ते पुढे काय करतील, त्याने ती कमी होत नाही.

म्हणून जाणाऱ्याला आम्ही एवढेच सांगू. हातात कसब घेऊन जा. तिथली भाषा शिका, नाहीतर दुभाषा दाखवील तेवढेच दिसेल. आणि पहिल्या आठवड्यात मंत्र्याला नव्हे, एखाद्या शेतकऱ्याला विचारा : तुझा मका कुणाला विकायचा, हे तू ठरवतोस का? जमिनीचा कागद कुणाच्या नावावर आहे? सरकारविरुद्ध मोर्चा काढलास तर रात्री घरी झोपता येते का? तो मोकळेपणी बोलला तर खुशाल राबा. इकडेतिकडे पाहून गप्प बसला, तर टोपली खाली ठेवू नका, कारण पीक त्याचेच आहे. पण परत आल्यावर त्याचे ते गप्प बसणेही इथे येऊन सांगा. क्रांतीचा जयजयकार करायला माणसे पुष्कळ असतात. त्या शेतकऱ्याच्या बाजूने बोलायला मात्र कुणी नसते.