माणशी आरोग्यखर्च आणि अंतराचा हिशेब

आरोग्यावरचा माणशी खर्च केवळ आजारावरून ठरत नाही. दवाखाना किती लांब, डॉक्टर किती आणि बिल कोण भरणार, यांवरही तो ठरतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या टोकावरच्या कोरपना तालुक्यात ही तिन्ही कारणे एकत्र दिसतात.

पहिले कारण अंतराचे, आणि ते विरळ वस्तीतून येते. 2011 च्या जनगणनेनुसार राज्यात दर चौरस किलोमीटरला 365 माणसे होती; चंद्रपूर जिल्ह्यात 193, तर गडचिरोलीत अवघी 74. म्हणून सपाटीवर 30,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर आदिवासी व डोंगराळ भागात 20,000 लोकांमागे, असा निकष आहे. इमारत, औषधसाठा, पगार तेवढेच आणि वाटेकरी कमी. त्यामुळे सरकारचा माणशी खर्च वाढतो. पदे रिकामी राहिली की पगार वाचतो आणि हाच खर्च कागदावर कमी दिसतो. गरज मात्र तेवढीच राहते.

दुसरे कारण सोयींचे. जिथे तज्ज्ञ आणि यंत्रे जास्त, तिथे तपासण्या आणि शस्त्रक्रियाही जास्त होतात. 1938 मध्ये ब्रिटिश डॉक्टर ग्लोव्हर यांनी इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांच्या टॉन्सिलच्या शस्त्रक्रिया मोजल्या. भागाभागांतली मोठी तफावत आजाराने उलगडेना. ती डॉक्टरांच्या मतावर अवलंबून होती. सरकारी विमा योजनेचेही असेच आहे. कार्ड सगळीकडे सारखे, पण पैसा खर्च होतो तो योजनेतले रुग्णालय असेल तिथे.

तिसरे कारण पैसे भरणाऱ्याचे. गडचांदूर, आवारपूरच्या सिमेंट कारखान्यांतल्या कायम कामगाराला नोकरीतून विम्याचा किंवा कंपनीचा आधार असतो. डोंगरावरच्या गुड्यातल्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या पाड्यातल्या, शेतमजुराला तो नसतो. सिकलसेलच्या रुग्णाला रक्त चढवायचे, तर गुड्यावरून गडचांदूर, तिथून राजुरा, मग चंद्रपूर. सरकारी दवाखान्यात उपचार फुकट. पण गाडीभाडे, सोबतच्या माणसाचे जेवण आणि दोघांची बुडालेली मजुरी पदरचीच. सरकारी अंदाजपत्रकात हा खर्च कुठेच दिसत नाही. सीमेपलीकडे आदिलाबादला उपचार झाले, तर नोंद तेलंगणात होते, रुग्ण मात्र कोरपन्याचा असतो.

खर्चाचा आकडा म्हणजे आरोग्य नव्हे; कमी खर्चातही फळ मिळते, हे गडचिरोलीत दिसले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले. इतर गावांच्या तुलनेत तिथला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये प्रसिद्ध झाले.

या सगळ्यामुळे दोन प्रदेशांची तुलना करताना खर्च रुग्णाच्या राहत्या गावावर मांडावा लागतो, आणि त्यात वय, आजार, अंतर व पदरचा पैसा धरावा लागतो.