पत्ता दिला, पण पोचवलं कोणी?

दारूपायी घर मेटाकुटीला आलं की कोणीतरी सांगतं, ‘एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, मीटिंगला पाठवा.’ डॉक्टर सांगतात, थोरला मेहुणा सांगतो, कंपनीतला वेल्फेअर ऑफिसर सांगतो. सल्ला चांगला आहे, पण अर्धा आहे. मीटिंगचा उपयोग होतो याचा जो पुरावा आपल्याजवळ आहे, तो बहुतांशी ‘जा’ म्हणण्याचा नाही, नेऊन पोचवण्याचा आहे. आज एवढाच मुद्दा मांडतो.

आपण चेन्नईत, नुंगंबाक्कममध्ये बसलो आहोत आणि या शहरात मदतीचा दुष्काळ नाही. अड्यार भागात शांती रंगनाथन यांचं टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशन १९८० पासून व्यसनमुक्तीचं काम करतं आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगा तमिळमध्ये होतात, इंग्रजीतही होतात. पण २००३ पासून किरकोळ दारूविक्रीचा मक्ता सरकारच्या टास्मॅककडे आहे आणि दारूच्या दुकानाला ठळक पाटी असते. मीटिंगला बहुधा नसते. एखाद्या चर्चची किंवा शाळेची खोली, ठरलेला वार, ठरलेली वेळ. नोंदवही नाही, फी नाही, जाहिरात तर तत्त्वातच बसत नाही. येणाऱ्याची अब्रू ज्या अनामिकतेनं झाकली जाते, तिच्यामुळेच नवख्याला दार सापडत नाही. दिल्लीच्या एम्सनं केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या सुमारे ३८ जणांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळतो. हे सगळं अंतर पत्ता ठाऊक नसल्यामुळे पडलेलं नाही, हे उघड आहे. पण पत्ता हातात असूनही माणूस का जात नाही, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

त्याचं उत्तर शोधणारा एक छोटासा प्रयोग सिसन आणि मॅलम्स या दोघांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. रुग्ण अवघे वीस. काहींना एएची माहिती, ठिकाण आणि वेळ देऊन ‘जरूर जा’ म्हटलं. उरलेल्यांच्या बाबतीत समुपदेशकानं रुग्णासमोरच एएच्या एका सदस्याला फोन लावला, दोघांचं बोलणं करून दिलं, आणि त्या सदस्यानं मीटिंगला सोबत नेण्याची तयारी दाखवली. पहिल्या गटातला एकही जण गेला नाही. दुसऱ्यातले सगळे गेले. वीस माणसांवरून सिद्धान्त उभा करू नये, हे मान्य. पण वैद्यकीय अभ्यासांचा एकत्रित ताळा घेणाऱ्या कॉक्रेनचा २०२० चा आढावा पाहा: २७ अभ्यास, १०,५६५ माणसं. एएशी जोडून देणाऱ्या उपचारानंतर वर्षभरानं साधारण ४२ टक्के लोक दारूपासून दूर होते. इतर प्रस्थापित उपचारांनंतर ३५ टक्के. यातल्या ‘जोडून देणाऱ्या’ या शब्दांकडे वाचणाऱ्यांचं लक्ष फारसं जात नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात १९८६ पासून व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच कार्यकर्ते म्हणून उभी राहिली, त्यामागची जाण हीच आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘त्याला स्वतःला वाटलं पाहिजे, ओढून नेऊन काय होणार?’ ओढून न्या असं मी म्हणत नाहीच. एएची सदस्य होण्याची अट एकच, पिणं सोडण्याची इच्छा. ती दुसऱ्याला निर्माण करता येत नाही. पण इच्छा आणि धीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लायसन्स काढायला आपण ओळखीचा माणूस शोधतो, आणि इथे मात्र थरथरत्या हाताच्या माणसानं एकट्यानं जिना चढावा अशी अपेक्षा धरतो! आत गेल्यावर घडतं ते अगदी साधं. खुर्च्या मांडलेल्या असतात, माणसं फक्त नाव सांगतात, मग एकेक जण आपली हकीकत सांगतो. नवख्यानं बोललंच पाहिजे असं नाही. शेवटी ऐच्छिक वर्गणीची पिशवी फिरते. सोबत जायचं तर ‘ओपन’ मीटिंग विचारून घ्यावी. ‘क्लोज्ड’ फक्त पिणं सोडू पाहणाऱ्यांसाठी असते.

दुसरा आक्षेप देवाचा. एएच्या कार्यक्रमातल्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, आणि तो ‘आपल्या समजुतीप्रमाणे’ असं म्हटल्यानं नास्तिकाची अडचण पूर्ण मिटत नाही. ज्याला ते पचणार नाही त्यानं समुपदेशनाचा रस्ता धरावा, कमीपणा नाही. मात्र एका मीटिंगवरून निकाल देऊ नये, गटागटाचा स्वभाव निराळा असतो. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: मीटिंग म्हणजे औषध नव्हे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकाएकी दारू तोडली तर पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला आधी दवाखान्यात न्यायचं, मीटिंगचं नंतर पाहायचं.

भाषेचं काय, असं इथल्या मराठी घरांतून विचारलं जाईलच. तमिळ कळतं पण त्यात रडता येत नाही, ही अडचण खरी आहे. मराठी मीटिंगा मुंबई-पुण्याकडे होतात, आणि कोविडपासून ऑनलाइन मीटिंगांचा प्रघात पडला आहे. पहिली ओळख ऑनलाइन करून घेता येईल. आणि पिणारा यायलाच तयार नसेल, तर बायकोनं किंवा आईनं थांबून राहायचं कारण नाही. घरच्यांसाठीची अल-अनॉन १९५१ पासून वेगळी चालते, आणि तिथे जायला पिणाऱ्याची परवानगी लागत नाही. तिथेही पहिल्या दिवशी कोणीतरी बरोबर असावं, एवढंच.