नोंदीबाहेरचे वाचन : महाविद्यालयीन ग्रंथालयातील छापील नियतकालिके

नियतकालिक सहसा ग्रंथालयाबाहेर जात नाही. पुस्तक घरी नेले की देवघेव काउंटरवर त्याची नोंद होते. त्रैमासिकाचा चालू अंक मात्र रॅकवरून उचलला, वाचनकक्षात बसून वाचला आणि जागेवर ठेवला, की त्या वाचनाचा कोणताही माग उरत नाही. बाइंडिंग केलेले जुने खंडही बहुतेक महाविद्यालयांत केवळ संदर्भासाठी असतात. ज्या संग्रहासाठी दरवर्षी वर्गणी भरावी लागते, त्याच्याच वापराविषयी ग्रंथालयाला सर्वांत कमी माहिती असते. वर्गणीला कात्री लावायची किंवा रॅक रिकामे करायचे ठरते, तेव्हा ही उणीव महागात पडते. नोंद नाही म्हणजे वाचन नाही, असे गृहीत धरले जाते आणि खंड रद्दीच्या वाटेला लागतात.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न गेल्या दीड दशकात अधिक टोकदार झाला आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘एन-लिस्ट’ योजना २०१० मध्ये सुरू झाली आणि तालुक्याच्या ठिकाणच्या अनुदानित महाविद्यालयांनाही अल्प वर्गणीत सहा हजारांवर इंग्रजी नियतकालिके संगणकावर मिळू लागली. शासकीय संस्थांसाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये आणि सुमारे १३,००० नियतकालिके, असा तिचा आवाका आहे. अंबाजोगाईला १९७४ मध्ये सुरू झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या शासकीय संस्थेत निवासी डॉक्टरांचा जर्नल क्लब छापील अंकावाचूनही चालू शकतो, कारण ‘इंडियन पेडियाट्रिक्स’ किंवा ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ वाचायला आता ग्रंथालयाची पायरी चढावी लागत नाही.

कागदावर जे उरते, त्यात मराठी नियतकालिकांचा वाटा मोठा आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे ‘नवभारत’, मराठवाडा साहित्य परिषदेचे ‘प्रतिष्ठान’, गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून चालवलेले ‘अस्मितादर्श’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, मराठी अभ्यास परिषदेचे ‘भाषा आणि जीवन’ यांच्या जुन्या वर्षांसाठी अभ्यासकाला आजही बहुधा रॅककडेच जावे लागते. दासोपंतांच्या पासोडीवर, हैदराबाद मुक्तिसंग्रामावर किंवा ऊसतोड कामगारांवर प्रबंध लिहिणाऱ्याला हवा असलेला लेख अशाच एखाद्या खंडात असतो. इंग्रजी अंकाची वर्गणी बंद झाली तर तो दुसऱ्या वाटेने मिळतो, मराठी खंड गेला तर बहुधा मिळत नाही. त्यामुळे वापर मोजण्याची खरी निकड या दुसऱ्या गटाला आहे.

वापर मोजून संग्रह ठरवण्याचा विचार शंभर वर्षांचा होत आला आहे. कॅलिफोर्नियातील पोमोना महाविद्यालयाच्या ग्रॉस आणि ग्रॉस यांनी १९२७ मध्ये एक साधा प्रश्न मांडला : लहान महाविद्यालयाने रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत? त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या मुखपत्राच्या १९२६ च्या अंकांत कोणकोणत्या नियतकालिकांचे संदर्भ आले आहेत ते मोजले. ही पद्धत पुढे जगभर पसरली. तिच्यात उणीव एकच : दूरच्या संशोधकांनी काय वाचले हे तिच्यातून कळते, आपल्या वाचनकक्षात काय वाचले जाते हे कळत नाही. लंडनच्या सायन्स म्युझियम ग्रंथालयात डोनाल्ड अर्कहार्ट यांनी १९५६ मधील प्रत्यक्ष मागणीची मोजदाद केली. निम्म्याहून अधिक चालू नियतकालिकांना त्या वर्षी एकदाही मागणी आली नव्हती आणि जवळजवळ ८० टक्के मागणी एक-दशांशाहूनही कमी नियतकालिकांवर एकवटली होती. पिट्सबर्ग विद्यापीठाचा १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर वादाचा विषय ठरला. १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तके पुढील सहा-सात वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती. त्यावर तेथील प्राध्यापकांचा एक महत्त्वाचा आक्षेप असा होता, की ग्रंथालयात बसून झालेले वाचन या हिशेबात नीट आलेले नाही. तो आक्षेप बीडच्या कोणत्याही ग्रंथपालाला पटेल.

संगणकावरील नियतकालिकांसाठी हा प्रश्न नियमांनी सोडवला गेला. २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘काउंटर’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने वापर म्हणजे काय याची व्याख्या केली. तीस सेकंदांच्या आत त्याच लेखावर दोनदा क्लिक झाले तर तो एकच वापर, इतक्या बारकाईने ती आखली आहे. छापील अंकासाठी असे सर्वमान्य नियम नाहीत, म्हणून प्रत्येक ग्रंथालयाने मोजणीपूर्वी स्वतःचे नियम लिहून काढले पाहिजेत. टेबलावर सापडलेला प्रत्येक अंक हा एक वापर. एकाच वाचकाने पाच खंड काढले तर पाच वापर. बाइंडिंग किंवा साठा पडताळणीसाठी कर्मचाऱ्यांनी हाताळलेले अंक धरायचे नाहीत. दैनिके वगळायची. हे नियम वर्षाच्या मध्येच बदलले, तर दोन सत्रांच्या आकड्यांची तुलना करता येत नाही.

सर्वांत रुळलेली पद्धत टेबलावरच्या मोजणीची. ‘वाचलेला अंक रॅकवर ठेवू नये, टेबलावरच ठेवावा’ अशी पाटी लावायची. ग्रंथालय परिचराने दिवसातून तीन वेळा, म्हणजे दुपारी, तिसऱ्या प्रहरी आणि बंद करताना, अंक गोळा करायचे आणि रॅकवर लावण्यापूर्वी तक्त्यात नियतकालिकाच्या नावापुढे रेघ मारायची. नाव, अंकाचा महिना व वर्ष आणि मोजणीची तारीख एवढे पुरते. वाचकाचे नाव लिहू नये. कोणी काय वाचले यावर ग्रंथालयाने नजर ठेवण्याचे कारण नाही, आणि आपली नोंद होते असे कळले तर मुले अंकाला हात लावायलाही कचरतील. या पद्धतीचे यश सर्वस्वी परिचरावर अवलंबून आहे. त्याला काम कशासाठी चालले आहे हे नीट सांगितले, तर ती मोजणी विश्वासार्ह होते. केवळ हुकूम दिला, तर महिनाअखेरीस सगळ्या रेघा एकाच बैठकीत मारल्या जातात.

पाटी असली तरी शिस्तीने अंक जागेवर ठेवणारे वाचक असतातच. त्यामुळे टेबलावरचा आकडा नेहमी कमी भरतो. किती कमी, हे काढता येते. काही ठरावीक तास वाचनकक्षात बसून केवळ निरीक्षण करायचे. समजा, त्या वेळात ४० अंक उघडले गेले आणि त्यांतले २८ टेबलावर राहिले. मग टेबलावरच्या आकड्याला ४० भागिले २८, म्हणजे सुमारे १.४ ने गुणावे. एकदा टेबलावर आलेला अंक दुसऱ्याने, तिसऱ्यानेही वाचला, तर मोजणीत तो एकदाच येतो, ही त्रुटीही निरीक्षणातच उमगते.

अंकाच्या मुखपृष्ठावर चिठ्ठी चिकटवून वाचकालाच खूण करायला सांगण्याची पद्धत स्वस्त आहे, पण कच्ची आहे. विद्यार्थी विसरतात, आणि आपल्या विषयाचे नियतकालिक बंद होऊ नये म्हणून एखादा प्राध्यापक चार खुणा जास्त करतो. झेरॉक्सचे रजिस्टर वेगळे जोडावे. प्रत काढणे ही वापराची ठोस खूण आहे. कोहा या ग्रंथालयीन संगणक प्रणालीत तशी सोय चालू केली, की घरी न दिलेला अंक परतीच्या पडद्यावर स्कॅन करताच त्याचा स्थानिक वापर म्हणून नोंदला जातो. अडचण अशी, की सुट्या अंकांना बहुधा दाखलनोंद क्रमांकच नसतो, मग बारकोड कुठून येणार? बाइंडिंग झालेल्या खंडांसाठी मात्र ही सोय उत्तम.

मुक्तद्वार नसलेल्या ग्रंथालयांत वाचक मागणी चिठ्ठी भरतो आणि खंड आतून आणून दिला जातो. तेथे मोजणी आपोआप झालेली असते, फक्त चिठ्ठ्यांचे गठ्ठे टाकून देण्यापूर्वी त्या नावांनुसार लावायला हव्यात. मागच्या रॅकवरच्या खंडांसाठी आणखी एक युक्ती आहे. पानांच्या कडेवर पातळ कागदाची पट्टी चिकटवायची. ती फाटली म्हणजे खंड उघडला गेला. किती वेळा, हे कळत नाही. पण वर्षभर कोणी स्पर्शच केला नाही आणि कोणीतरी उघडले, यांतला फरक कळतो, आणि अनेकदा तेवढेच कळायला हवे असते.

मोजणी केव्हा करायची, याला बीडमध्ये वेगळे महत्त्व आहे. वर्षभर मोजता आले तर उत्तम; नाही तर दर महिन्यातला एक आठवडा घ्यावा. केवळ परीक्षेच्या तोंडावरचे पंधरा दिवस घेतले, तर चित्र फसवे येते, कारण तेव्हा वाचनकक्ष भरलेला असला तरी टेबलांवर नोट्स असतात. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातली लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. अशा घरांतल्या काही मुलांना सोबत जावे लागते, काहींवर मागे राहिलेले घर आणि जनावरे यांची जबाबदारी येते. त्या काळातली घट ही नियतकालिकाविषयीची अनास्था नसते. उलट मे महिन्यात, आवार ओस पडलेले असताना, पीएच.डी. करणारे शिक्षक सुटी साधून जुन्या खंडांपाशी येतात.

हाती आलेल्या आकड्यांचा अर्थ लावताना एकाच तराजूचा मोह टाळावा. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांमुळे ‘योजना’, ‘कुरुक्षेत्र’ आणि ‘लोकराज्य’ दिवसभर हातोहाती फिरतात. ‘समाज प्रबोधन पत्रिके’चा खंड महिन्यातून एकदा उघडेल, पण तेव्हा त्यावर तीन तास टिपणे काढली जातील. तक्त्यात दोन्हींपुढे रेघ सारखीच पडते. म्हणून तुलना एकाच जातीच्या नियतकालिकांत करावी. दर वापरामागे खर्च काढायचा असेल, तर वर्गणीला वापरांनी भागावे : ३,००० रुपयांचे नियतकालिक ६० वेळा वाचले गेले तर ५० रुपये, ६०० रुपयांचे दोनदाच उघडले तर ३०० रुपये. इंग्रजी अंकांबाबत हा हिशेब निर्णायक मानायला हरकत नाही, कारण पर्याय उपलब्ध असतो.

वयाचाही विचार हवा. बर्टन आणि केब्लर यांनी १९६० मध्ये शास्त्रीय साहित्याचे अर्धायुष्य, म्हणजे वापरातल्या साहित्यापैकी निम्मे किती वर्षांच्या आतले असते ते, काढले. भौतिकशास्त्रात ते ४.६ वर्षे होते, भूगर्भशास्त्रात ११.८. भौतिकशास्त्राचे जुने खंड लवकर मागे पडतात, मराठी वाङ्मय आणि इतिहास यांच्या बाबतीत जुने वर्षच अनेकदा अधिक मोलाचे असते. सगळ्या विषयांना दहा वर्षांची एकच मर्यादा लावणे चूक आहे.

वापर शून्य दिसला, तर आधी त्याचे कारण शोधावे. खंड तालिकेत नोंदलेला आहे का, रॅक अंधाऱ्या कोपऱ्यात आहे का, शिक्षकांना तो संग्रहात असल्याचे ठाऊक आहे का? असा खंड एक सत्र दर्शनी टेबलावर ठेवून, त्यातल्या लेखांची यादी विभागाकडे पाठवून पुन्हा मोजणी करावी. तरीही शून्यच आले, तर संग्रहातून काढण्याचा विचार करता येतो, तोही जिल्ह्यातल्या इतर महाविद्यालयांना आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या ग्रंथालयाला विचारून. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई, केज येथील ग्रंथपालांनी मिळून जिल्ह्याची एक संयुक्त नियतकालिक सूची करावी. प्रत्येक नावापुढे कोणती वर्षे आहेत, कोणते अंक गहाळ आहेत, खंड कोणाकडे आहे आणि गेल्या वर्षी तो किती वेळा उघडला गेला, एवढे रकाने पुरेत. ज्या खंडापुढे संपूर्ण जिल्ह्यात एकाच ग्रंथालयाचे नाव येईल, तो वापर शून्य असला तरी काढू नये.