राक्षस कुणी घडवला?
(तेर येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी गोदीत हमाली करणारा माणूस. शिक्षण दहावी. कविता करतो, ते सोडा. आज एका विलायती कादंबरीवर बोलणार आहे : 'फ्रँकेन्स्टाइन'. मुंबईच्या फुटपाथवर रद्दीत मिळाली, डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. १८१८ साली छापली. मेरी शेली ती लिहायला बसली तेव्हा अठरा वर्षांची पोर होती. पहिल्या छपाईत पुस्तकावर तिचं नावसुद्धा नव्हतं.

गोष्ट अशी. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा खात्यापित्या घरचा शिकलेला पोरगा. स्मशानातून, कत्तलखान्यातून तुकडे गोळा करून त्यानं माणूस जोडला, त्यात जीव घातला. त्या जिवानं डोळा उघडला आणि निर्माता पळाला! का? तर रूप ओंगळ. नावसुद्धा ठेवलं नाही. लोक आज त्या जिवालाच फ्रँकेन्स्टाइन म्हणतात. पण ते नाव घडवणाराचं.

आपण तेरमध्ये बसलोत. गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी ठोकून पाहिली, नामदेव कच्चं मडकं ठरले, ही गोष्ट इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझा सवाल एवढाच : मडकं कच्चं राहिलं, तर गुन्हा मडक्याचा की आवा लावणाराचा?

तो जीव जन्मानं वाईट नव्हता. एका घराला लागून असलेल्या खोपटात लपून, फटीतून ऐकून ऐकून तो भाषा शिकला. शाळेच्या दाराबाहेर बसून शिकलेल्या आपल्या आज्याला हे नवं नाही. बुडणारी पोर त्यानं वाचवली, बदल्यात गोळी खाल्ली. त्या घरातला आंधळा म्हातारा त्याच्याशी मायेनं बोलला. डोळस पोरगा आला, त्यानं काठीनं झोडपलं. म्हणजे किळस रूपात नव्हती, बघणाराच्या डोळ्यात होती.

आता इकडं या. व्हिक्टरनं तुकडे जोडून माणूस केला. पुरुषसूक्तात उलटं : एक पुरुष तोडून चार वर्ण काढले. पायातून शूद्र. आपण तर त्या पायातही नाही! मनुस्मृती म्हणते, शूद्राचं नाव निंदा सुचवणारं ठेवा. आपल्या आज्यापणज्यांची नावं आठवा. मुकादम मलाही 'ए' म्हणूनच हाकारतो. घडवायचं, नाव नाकारायचं, वर राक्षस म्हणायचं. तिथं हे एकानं केलं, इथं अख्ख्या गावानं.

कादंबरीचा शेवट मात्र मला मान्य नाही. सूडापायी तो जीव व्हिक्टरच्या कोवळ्या भावाला मारतो. त्या खुनापायी घरातली निरपराध कामवाली जस्टिन फासावर जाते. खुनी कोण हे मनातून ठाऊक असून व्हिक्टर गप्प. सूड असा आपल्यातल्याच गरिबाच्या गळ्याशी येतो. शेवटी तो जीव निर्मात्याच्या प्रेताजवळ रडतो, स्वतःला जाळून घेईन म्हणतो. आपली शिकलेली पोरं वसतिगृहात गळफास घेतात, तेव्हा मला हाच शेवट आठवतो.

अरे, आपण का जळायचं? २५ डिसेंबर १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी ग्रंथ जाळला, स्वतःला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्या निर्मात्यालाच नाकारलं. घडवणाराची मेहेरबानी मागायची नाही, त्याच्या प्रेतावर रडायचंही नाही.

त्या बिचाऱ्याला नाव नव्हतं. आपल्याला आहे. मोठ्यानं सांगा.

जय भीम!