कामाची रीत आणि प्रयोग

पश्चिम रेल्वेवर भाईंदर सोडून वसईच्या खाडीवरील पूल ओलांडला, कीं नायगांवचें स्थानक येतें. येथून रोज सकाळीं मुंबईस कामाला जाणाऱ्यांची एक रीत श्रोत्यांपैकीं पुष्कळांना परिचित असेल. नित्याच्या सोबत्यांपैकीं अर्धा प्रवास बसून झालेला गृहस्थ मध्येंच उठतो आणि उभ्या सोबत्यास जागा देतो. हा नियम रेल्वेनें केलेला नाहीं. गर्दीच्या त्रासापायीं कोणीतरी तो करून पाहिला. सर्वांस मानवला, म्हणून टिकला. परंतु हींच माणसें कचेरींत पोहोंचलीं, कीं गैरसोयीची रीतही निमूटपणें पाळतात. 'पहिल्यापासून असेंच आहे', एवढें उत्तर तेथें पुरतें.

रीत बदलावयाची म्हणजे वरिष्ठानें हुकूम काढावयाचा, अशी समजूत आहे. हुकूम चुकला तरी मागें घेण्यांत कमीपणा वाटतो. प्रयोगास ती अडचण नाहीं. तो फसला तरी कांहीं शिकवून जातो.

जामखेडचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील या दुष्काळी भागांत १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें आरोग्यकार्य आरंभिलें. गांवोगांव शिकलेल्या परिचारिका ठेवाव्या, ही प्रथमची योजना. ती साधली नाहीं. परक्या गांवीं एकटें राहणें त्यांना जड जाई, आणि गांवच्या बायका त्यांच्यापाशीं मन मोकळें करीत ना. परिचारिकांस दोष देऊन दुसऱ्या नेमणें सोपें होतें. आरोळ्यांनीं कामाची वांटणीच बदलली. गांवांतल्याच स्त्रिया निवडून त्यांना शिकविलें; त्यांत कित्येक निरक्षर, कित्येक दलित होत्या. परिचारिका व डॉक्टर त्यांच्या आधाराला गांवोगांव जाऊं लागले. या स्त्रिया जामखेडला नियमानें एकत्र जमत, नवें शिकत आणि गांवांतला आपला अनुभव सांगत. १९७९ सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. निरक्षर बाईचा अनुभव डॉक्टरांनीं ऐकून घेतला नसता, तर पहिलीच योजना कागदावर चालू राहिली असती.

लहानशा कचेरीसही हा मार्ग मोकळा आहे. समजा, रोजची तासाभराची बैठक सर्वांस जाचते. मग ती महिनाभर आठवड्यांतून दोनदांच भरवावी. त्या महिन्यांत दुसरें कांहीं बदलूं नये. नाहींतर गुण कशाचा, हें कळणार नाहीं. माप मात्र आधींच ठरवावें: किती कामें अडून राहिलीं, आणि नायगांवकरांस सायंकाळची नेहमींची गाडी किती दिवस मिळाली. पहिल्या आठवड्याच्या उत्साहावर भरंवसा ठेवूं नये. नवेपण ओसरल्यावरचे आंकडे पाहावे.

महिन्याअखेर मत विचारतांना आरंभ सर्वांत कनिष्ठापासून करावा. साहेब आधीं बोलले, कीं शिपाई त्यांच्याच मताला मान डोलावतो. आणि नव्या रीतीचा भार बहुधा त्याच्याच पाठीवर पडलेला असतो. 'ही रीत मला जड जाते', असें तो निर्भयपणें म्हणूं शकला, तरच प्रयोग खरा झाला असें समजावें. तसें तो म्हणाला, तर जुनी रीत परत आणण्यांत कोणाचाही अपमान नाहीं. काय फसलें तें वहींत टिपून ठेवावें, आणि पुढील महिन्यांत दुसरें कांहीं करून पाहावें.