उबेचा हिशेब कोणी ठेवायचा?



ब्रिटनमधील घराघरांतून होणारे कार्बनचे उत्सर्जन घटविण्याचे बंधन तेथील सरकारने वीज आणि गॅस पुरविणाऱ्या कंपन्यांवर घातले. त्या बंधनाचे पुढे काय झाले, हा आजचा विषय. आपल्यापैकी अनेकांची मुले-सुना त्या देशात स्थायिक आहेत, तेव्हा विषय दिसतो तितका दूरचा नाही.

दुकानदाराने स्वतः पैसे खर्च करून गिऱ्हाइकाला कमी माल घ्यावयास लावावे, असा हा विलक्षण कायदा! पण त्यामागे सरळ विचार होता. तेथील जुन्या घरांच्या भिंती आणि छपरे उष्णता धरून ठेवत नाहीत. थंडीत गॅस जाळावयाचा आणि ऊब छपरातून निघून जावयाची. ज्यांच्याजवळ पैसा आहे ते घर दुरुस्त करतात. निवृत्त वृद्ध मात्र एका खोलीत रग पांघरून बसतात. कंपन्यांचे खाजगीकरण झाल्यावर १९९४ मध्ये या व्यवस्थेची लहानशी सुरुवात झाली. २००२ पासून सरकार स्वतः लक्ष्य ठरवू लागले आणि २००८ ते २०१२ या काळात ते कार्बनच्या टनांत मोजले जाऊ लागले. वाढत वाढत ते २९ कोटी ३० लाख टनांवर गेले. त्यातील ४० टक्के बचत सत्तरीपुढील वृद्धांच्या आणि अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांच्या घरांतून व्हावी, अशी अट होती. हेतू उदात्त होता, यात शंका नाही.

आता हिशेबाची रीत पाहा. प्रत्येक उपायाला आधीच गुण ठरवून दिलेले. माळ्यावर खनिज लोकरीचे आवरण अंथरले की इतके टन, पोकळ भिंतीत भराव घातला की इतके, विजेची बचत करणारा सीएफएल दिवा दिला की इतके. ही बचत पुढील अनेक वर्षांची, अंदाजाने धरलेली. त्या घरातील गॅसचे बिल खरोखर उतरले का, हे दारोदार जाऊन कोण पाहणार?

व्यापारी तो व्यापारीच. सर्वांत स्वस्तात टन कोठे मिळतात, हे त्याने लगेच हेरले. दिव्यांची खोकी टपालाने घरोघर जाऊन पडू लागली, कोणी मागितलेली असोत वा नसोत. त्या काळात तीस कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. घरटी अकरा-बारा! दिवा खुंटीला लागला की खणात पडून राहिला, कागदावर टन जमा. अखेर जानेवारी २०१० पासून असे टपालाचे दिवे हिशेबात धरणे बंद झाले. त्याच काळात सुमारे ३९ लाख माळ्यांवर आणि पंचवीस लाखांहून अधिक पोकळ भिंतींत आवरण बसले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. ते काम खरे होते आणि कित्येक घरांना त्याचा लाभ झाला.

पुढे सोपी घरे संपत आली. २०१३ पासूनच्या नव्या योजनेत भरीव भिंतींची जुनी घरे पुढे आली. अशा भिंतीवर बाहेरून आवरण चढविणे हे कसबी गवंड्याचे काम आहे. खिडकीच्या कडेला, छपराच्या सांध्याला फट राहिली की पावसाचे पाणी आत शिरते. हवा खेळती ठेवण्याची सोय केली नाही की आतील वाफ भिंतीवरच थिजते. मग ओल, मग बुरशी, आणि लहान मुलांना खोकला. थंडीतून सोडवावयास गेलेल्या योजनेने घरात ओल आणली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल आला. अलीकडच्या दोन योजनांतून बाहेरील भिंतींवर आवरण बसविलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत, म्हणजे सुमारे बावीस-तेवीस हजार घरांत, गंभीर दोष असल्याचा अंदाज त्यात आहे. आतून आवरण बसविलेल्या घरांत हे प्रमाण २९ टक्के. शिवाय ५,६०० ते १६,५०० घरांच्या बाबतीत खोटे दावे करून पैसे उचलले गेले असावेत, असाही नियामकाचा अंदाज. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण इंग्रजीत आहे की नाही ठाऊक नाही. प्रकार मात्र आहे.

जबाबदारी शोधू गेले तर हाती काही लागत नाही. सरकारने कंपनीला बांधले, कंपनीने ठेकेदाराला, ठेकेदाराने उपठेकेदाराला. काम तपासण्याची व्यवस्था निराळ्याच संस्थांकडे. आणि पैसा? तो कंपनीच्या नफ्यातून गेला असे समजू नका. सर्व ग्राहकांच्या बिलांतून तो वसूल झाला. ज्या गरीब विधवेच्या घरी कोणी फिरकलेच नाही, तिच्याही बिलातून. मला यातील हीच गोष्ट सर्वांत अधिक खटकते. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात हा भार बिलांवरून उतरविण्याचा आणि योजना गुंडाळण्याचा निर्णय जाहीर झाला.

सदोष घरांची दुरुस्ती मालकाला खर्च न पडता करून देण्याचे आश्वासन तेथील सरकारने दिले आहे. तेव्हा आपले कोणी नातेवाईक तिकडे अशा घरात राहत असतील, तर त्यांना एवढे अवश्य कळवा : काम कोणी केले, कोणी तपासले, हमीपत्र कोठे आहे हे पाहा, आणि कोपऱ्यात काळे डाग दिसले तर त्यांवर रंग मारू नका, छायाचित्र काढून लेखी तक्रार करा.